चाराने भागलेली बिस्किटं

कपडे धुण्याच्या त्या मोठ्या कारखान्यात त्यांना खऱ्या नावाने कोणीच हाक मारत नसे. सगळे म्हणत चारभागेकाका. हे आडनाव त्यांनी स्वतःच्या मेहनतीने कमावलं होतं. सत्तावीस वर्षं ते बॉयलर सांभाळत होते. बर्नरवरचा आकडा बीटीयूमध्ये आणि नोंदवही किलोकॅलरीत; दोन्ही मापं उष्णतेचीच, म्हणून दर तासाला आकडा बघायचा, चाराने भागायचा आणि वहीत लिहायचा. "चाराने भागलं की झालं," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, त्याने विचारलं नसलं तरी. नेमकं सांगायचं तर चाराला किंचित कमी, पण ते किंचित ऐकायला सहसा कोणी थांबत नसे.

वहीतल्या प्रत्येक आकड्यापुढे दुसऱ्या कोणीतरी हिशेब ताडून सही करायची, अशी तिथली पद्धत होती. सत्तावीस वर्षांत काका दोनदा चुकले आणि दोन्ही वेळा सही करणाऱ्याने चूक पकडली. हे मात्र ते कोणाला सांगत नसत.

यंदाच्या तपासणीत कारखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना वजनकाट्यावर उभं केलं आणि चष्मा पुसून पुन्हा आकडा पाहिला. "काका, रोज सोळाशे कॅलरी, जास्त नाही. महिन्याभरात दोन किलो उतरलं पाहिजे. नाही उतरलं तर बॉयलर सोडायचा आणि गोदामात टॉवेल मोजत बसायचं."

टॉवेल मोजायचे म्हटल्यावर काकांना रात्रभर झोप आली नाही. बॉयलरचा आवाज नसलेला दिवस कसा असतो, हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

काकू घरी शिवणकाम करत. जेवणाच्या बाराशे कॅलरी त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या तक्त्यावरून नीट वाटून दिल्या. उरलेल्या चारशे संध्याकाळच्या खाण्याच्या. "त्या माझ्याकडे. उष्णतेचा हिशेब तू मला शिकवू नकोस," असं काकांनी बजावलं. रोज कामावरून आले की ते बिस्किटाचा पुडा चष्म्याजवळ धरत, स्वयंपाकघरातल्या वहीत काहीतरी खरडत आणि समाधानाने खात. एक पुडा संपला की दुसरा, मग तिसरा. डॉक्टरीणबाई दिसायला कडक, पण मनाने उदार आहेत, असं त्यांचं मत होऊ लागलं.

महिना संपला त्या संध्याकाळी काकूंनी त्यांच्या विजारीची कंबर मोजली. उसवून सैल करायची पाळी आली होती.

"अहो, बाहेर काही खाता का?"

"शप्पथ नाही. हिशेबाबाहेर एक घास नाही."

काका खरंच बोलत होते. म्हणूनच त्यांना फार लागलं. काकूंनी टेप गळ्यात टाकली, वही उघडली, पुडा उचलला. पुड्यावर चारशे ऐंशी, वहीत एकशे वीस.

"हे चाराने का भागलंत?"

"का म्हणजे? किलोकॅलरी काढायला."

"पुड्यावर किलोकॅलरीच लिहिलंय. खाण्यातली कॅलरी म्हणजे तीच. सेंटीमीटरची टेप लावून मी वर पुन्हा इंच समजून अडीचने गुणलं, तर तुमची विजार कोणाला होईल?"

काका खुर्चीत बसले. त्यांनी कागद-पेन्सिल घेतली. पुड्यामागे तीनशे साठ जास्त, तीन पुडे म्हणजे रोज हजार ऐंशी, तीस दिवस, एका किलोला सात हजार सातशे. उत्तर आलं चार किलो आणि वर थोडं. शेजाऱ्यांचा वजनकाटा आणून त्यावर उभे राहिले. दोन उतरायला हवं होतं, दोन चढलं होतं. फरक चारच. पडलो तरी नाक वर म्हणतात तसे ते पुटपुटले, "बघ, हिशेब कसा तंतोतंत जुळला."

तो कागद त्यांनी डॉक्टरीणबाईंपुढे ठेवला. काकू शेजारी बसल्या होत्या. बाई आधी पोट धरून हसल्या, मग गंभीर झाल्या. "काका, असंच बॉयलरवर झालं तर?"

काकांचे कान लाल झाले. सत्तावीस वर्षं या एका प्रश्नात जाणार, असं त्यांना वाटलं.

"बॉयलरवर त्यांचा हिशेब दुसरा माणूस ताडून बघतो," काकू म्हणाल्या. "घरी त्यांनी मला बघू दिलं नाही."

काकांनी मान खाली घातली. "दोनदा चुकलोय मी तिथेसुद्धा," ते म्हणाले. "दोन्ही वेळा सही करणाऱ्याने पकडलं."

हे काकूही पहिल्यांदाच ऐकत होत्या. बाईंनी तो कागद फाईलला लावला आणि आणखी एक महिना दिला.

त्या संध्याकाळी काकांनी स्वयंपाकघरातल्या वहीत पट्टीने एक नवा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'ताडून पाहणार'. मग पुडा आणि वही दोन्ही काकूंच्या मशीनवर आणून ठेवली आणि हात मागे बांधून उभे राहिले. काकूंनी आकडा दोनदा वाचला, पुड्यातल्या सहांपैकी पाच बिस्किटं काढून त्यांच्या हातावर ठेवली आणि शिवणाच्या खडूनेच सही केली.