आत्याबाईचा चढ

आत्याबाई चढावर जीपशी भांडायची आणि उतारावर कोणाशीच बोलायची नाही. चाकाखालचे दगड सरकू लागले की तिचं तोंड सुरू व्हायचं. "चाल वं म्हातारे, काऊन नखरे करून राहिली? खाऊन-पिऊन तर निंघाली हायेस!" माथा ओलांडून जीपचं नाक खाली झालं की ओठ मिटायचे. मागून कुणी काही विचारलंच, तर उत्तर सपाटीला लागल्यावर मिळायचं.

ती माझ्या बाबांची मोठी बहीण. नागझिऱ्याजवळच्या आमच्या गोरेगावात सगळे तिला नर्सबाई म्हणत. अख्खी नोकरी तिने आडवळणाच्या गावांत बाळंतपणं करण्यात घालवली. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. निवृत्त झाल्यावर ती आमच्याकडे राहायला आली, ती लिलावात घेतलेली एक जुनी फोर-व्हील जीप घेऊनच. शेजारीपाजारी हसले. बाबा मात्र चिडले. "ताई, या वयात हे काऊन?"

"याच वाटांनी जिंदगी गेली माझी," ती म्हणाली. "पन दवाखान्याच्या गाडीत बाजूले कन्हत असलेली बाई राहे. माझं सारं ध्यान तिच्याकडं. भाईर डोंगर हाये का नदी, पायलंच नाई. आता पायतो."

हे "आता पायतो" मग आमच्या घरात म्हणीसारखं झालं. मी नागपूरहून सुटीला आले की सकाळीच आम्ही निघायचो. धानाच्या बांध्या मागे पडायच्या, बोदलकसा तलावाच्या बाजूचे डोंगर जवळ यायचे, आणि डांबर सोडून ती जुन्या बैलगाडीच्या वाटेला लागायची. नागझिऱ्याच्या हद्दीकडे ती चुकूनही चाक वळवत नसे. "तितं वाघाचं घर हाये, बिनबुलाये काऊन जायचं?" वाट अशी, की एका बाजूला साजाची झाडं काचेला घासायची आणि दुसऱ्या बाजूला नुसती पोकळी. मी डोळे मिटायचे. ती ओरडायची, "उघड वं! डोळे मिटाले आली का इतं?"

मला जीप तिनेच शिकवली. खडा चढ आला की ती सगळ्यात खालचा गिअर टाकायची आणि पाय उचलून घ्यायची. जीप आपसूक, मुंगीच्या चालीने वर जायची. "तिले दाबायचं नाई. आपन फक्त चाक धरायचं," असं म्हणताना तिचा चेहरा एखाद्या बाईच्या पाठीवरून हात फिरवताना असावा तसा व्हायचा.

एकदा वाटेत मोहफुलांची टोपली घेतलेली एक म्हातारी भेटली. तिच्या दोन्ही सुना आत्याबाईच्या हातून मोकळ्या झालेल्या. तिचं घर खाली पायथ्याशी, पण आत्याबाईने तिला बळेच जीपमध्ये बसवून वर नेलं. माथ्यावर उतरून म्हातारी म्हणाली, "बाई, इतं काय हाये?" आत्याबाईने नुसतं बोट दाखवलं. खाली तलावाचं सारं पाणी उन्हात पसरलं होतं, काठाला बांधलेला एक डोंगा. म्हातारी बराच वेळ पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "आमी याच्याच काठानं राहतो, नाई का?"

मागच्या हिवाळ्यात आत्याबाईला लकवा मारला. डावा हात आणि डावा पाय गेला. बोलणं अडखळत का होईना, पण राहिलं. तिने मात्र तेही जवळजवळ सोडून दिलं. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायची. मी आले त्या दिवशी बाबा दारात बसून रडत होते. मी पहिल्यांदाच पाहिलं त्यांना रडताना. "जेवत नाई वं," म्हणाले. "मले म्हनते, जीप विकून टाक."

मी म्हटलं, "तिला चढावर नेऊ. तीच चालवेल."

बाबा नको नको म्हणत राहिले आणि शेवटी तिला उचलून त्यांनीच जीपमध्ये ठेवलं. चढाच्या पायथ्याशी आम्ही तिला स्टिअरिंगसमोर बसवलं, दुपट्ट्याने सीटला बांधलं. उजवा पाय ब्रेकवर नुसता टेकवलेला, थांबायची वेळ आलीच तर. मी बाजूला बसून, इंजिन बंद असतानाच, खालचा गिअर टाकला. बाबांनी मागून तिचे खांदे धरले. "किल्ली फिरव, आत्याबाई."

जीपने एक हिसका दिला आणि चढू लागली. गिअरमध्येच सुरू झालेली; क्लच नाही, काही नाही. एका हाताने चाक धरून ती दगडांतून वाट काढत होती. निम्म्यावर तिच्या घशातून आवाज आला. "चा... चाल वं म्हातारे." मागे बाबांना हुंदका फुटला.

माथ्यावर तिने किल्ली बंद केली. पाण्याकडे पाहत खूप वेळ बसली. मग म्हणाली, "आता तू उतरव. मले पायचं हाये." आणि त्या दिवशी उतारावर ती बोलत होती. हे झाड पाय, तो पक्षी पाय, तितं पाय. अर्धे शब्द कळत नव्हते. मी हो, हो म्हणत होते.

त्यानंतर ती जेवू लागली. संध्याकाळी बाबा तिला अंगणात उभ्या जीपमध्ये स्टिअरिंगसमोर बसवत. फोनवर मला सांगत, "आज पाच गावं फिरून आली तुझी आत्या."

उन्हाळा लागताना दुसरा झटका आला. मी पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं, आत त्रिशरण सुरू होतं. तिला बाहेर ठेवायला जागा नव्हती. मधोमध जीप उभी होती. बाबा माझ्याकडे आले. "पोरी, तेवढी जीप सरकव. दुसऱ्या कोनाले नाई जमत."

मी दार उघडून बसले. पाठीमागे तिची उशी होती; पाठ टेकावी म्हणून बाबांनी लावलेली. तिच्यावर तेलाचा डाग आणि दोन पांढरे केस. उशीमुळे स्टिअरिंग माझ्या पोटात रुतत होतं. ती काढली असती तर नीट बसता आलं असतं. मी काढली नाही. तशीच अवघडून जीप रस्त्यावर नेली, आणि मग खूप वेळ मला खाली उतरता आलं नाही.