बुटाखालचं पान

विमान पहाटेचं होतं, तरी मी भिवंडीहून दुपारी तीनलाच निघालो. काल्हेरला गोदामांसमोर कंटेनर आडवा लागला की पुढचं काही आपल्या हातात राहत नाही. अम्मीने स्वतः कुटून घेतलेला मसाला डब्यात भरून दिला होता. "इम्तूच्या हातात दे, दुसऱ्या कुणाच्या न्हाय," असं तिने तीनदा बजावलं.

इम्तू म्हणजे माझा धाकटा भाऊ इम्तियाज. अब्बा गेले तेव्हा तो आठ वर्षांचा होता आणि मी एकवीसचा. भिवंडीजवळच्या शेलार गावातल्या आमच्या कापडाच्या लूमच्या कारखान्यात मी उभा राहिलो आणि त्याला शिकवलं. वज्रेश्वरीजवळ नदीत त्याला पोहायला शिकवलं, सायकल शिकवली, दहावीच्या परीक्षेला रोज सोडायला गेलो. चौदा वर्षांपूर्वी तो अमेरिकेला गेला. आता चोपन्नाव्या वर्षी मी पहिल्यांदाच त्याच्याकडे निघालो होतो, तीन आठवड्यांसाठी. हे तीन आठवडे फक्त आम्हा दोघांचे असतील, असं मी धरून चाललो होतो.

डेट्रॉइटच्या विमानतळावर अधिकाऱ्याने मसाल्याचा डबा उघडून नाक जवळ नेलं आणि लागोपाठ पाच शिंका दिल्या. डोळे पुसत त्याने मला जा म्हणून खूण केली. बाहेर इम्तू उभा होता. त्याने मला घट्ट मिठी मारली. पण तो एकटा नव्हता. शेजारी एक उंच, सत्तरीचा गोरा माणूस टोपी हातात धरून उभा होता. "भाई, हा डेल," इम्तू म्हणाला. "आमचा शेजारी. त्याच्या गाडीत सामान जास्त मावतं." डेलने माझ्या हातून बॅग घेतली, मसाल्याचा डबासुद्धा घेतला. इम्तू त्याच्या शेजारी पुढे बसला. मी मागे, सामानाबरोबर.

दोन तासांच्या त्या रस्त्यात दोघं सारखे बोलत होते. इंग्रजी मला समजतं, पण त्यांचं भरभर बोलणं पकडता येईना. एकदा डेल काहीतरी म्हणाला आणि इम्तू मान मागे टाकून मोठ्याने हसला. असा हसलेला इम्तू मी घरी कधी पाहिला नव्हता. मला वाटलं, मी आलोय म्हणून हसतोय. पण तो माझ्याकडे बघत नव्हता.

मिशिगनमध्ये ऑक्टोबरात झाडं पेटल्यासारखी दिसतात. मॅपलची पानं आधी पिवळी, मग केशरी, मग इतकी लाल होतात की कुणी रंगाच्या हौदात बुडवून काढलीत असं वाटावं. इम्तू, त्याची बायको सबा आणि लहान मुलगी यांचं घर गावाच्या टोकाला आहे. पलीकडे डेलचं घर आणि त्याच्यामागे डेलचंच चाळीस एकर रान. बायको वारल्यापासून तो एकटा राहतो. पूर्वी शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायचा. बर्फ कसं उपसायचं, हीटर कसा खोलायचा, हे सगळं इम्तूला त्याने शिकवलं. आणि तीन वर्षांपासून तो त्याला धनुष्य शिकवत होता.

ते धनुष्य आपल्या डोळ्यांसमोर येतं तसं नसतं. दोन्ही टोकांना चाकं असतात, लूमच्या पुलीसारखी, आणि दोरी त्यांवरून फिरते. रोज संध्याकाळी दोघं अंगणात पेंढ्याच्या गठ्ठ्यावर नेम धरायचे. मी चहाचा कप घेऊन पायरीवर बसायचो. बाण मधोमध लागला की डेल म्हणायचा, "शाब्बास, बेटा." त्याच्या भाषेत, पण अर्थ तोच. प्रत्येक वेळी माझ्या हातातला चहा कडू व्हायचा. घरात मी जुन्या गोष्टी काढायचो, तर इम्तू "हां भाई" म्हणून फोनकडे बघायचा. डेलने दार वाजवलं की ताडकन उठायचा.

दुसऱ्या शनिवारी ते शिकारीला निघाले. तिथे परवाना काढून, ठरलेल्या दिवसांत हरणाची शिकार करता येते. इम्तूने तोवर एकही हरीण मारलं नव्हतं. त्याने मशिदीतल्या मौलानांना सगळं विचारून घेतलं होतं. बाण सोडताना बिस्मिल्ला म्हणायचं. जनावर फक्त आपल्या बाणाने मेलं असेल तर खायला हरकत नाही. दुसऱ्या जनावराने मारलं असेल तर खायचं नाही. डेलने मला आपले जुने बूट दिले आणि नारिंगी जॅकेट दिलं. बूट मला दोन बोटं मोठे होत होते.

उजाडताना इम्तू झाडाला बांधलेल्या मचाणावर चढला. मी आणि डेल दूर गाडीत बसलो. डेलने थर्मासमधली कॉफी मला दिली आणि इम्तूबद्दलच बोलत राहिला. पहिल्या हिवाळ्यात त्याची गाडी कशी रुतली, मुलगी झाली तेव्हा त्याने हॉस्पिटलमधून पहिला फोन कुणाला केला. तो फोन डेलला केला होता. आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं होतं. मी कॉफी खिडकीतून ओतून दिली.

सव्वाआठला इम्तू चालत आला. चेहरा पांढरा पडला होता.

"भाई, बाण लागलाय. पण नीट न्हाय लागला. सोडताना हरीण हललं."

डेलने बाण शोधून काढला. आरपार जाऊन मातीत रुतला होता. त्याने त्यावरचं रक्त बोटावर घेतलं, उजेडात धरलं. रक्त काळपट होतं. "यकृताला लागलाय," तो म्हणाला. "मरेल, पण लगेच नाही. आता मागे गेलो तर घाबरून मैलभर पळेल. चार तास थांबायचं, म्हणजे जवळच कुठेतरी बसेल आणि शांतपणे जाईल."

ते चार तास इम्तूने डेलच्या स्वयंपाकघरात काढले. काही खाल्लं नाही. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, तर तो डेलला विचारत होता, "अजून किती वेळ?"

बारा वाजून गेल्यावर माग काढायला लागलो. हे काम फार हळू चालतं. रक्ताचा थेंब दिसला की डेल जवळच्या फांदीला नारिंगी फीत बांधायचा, मगच पुढचा थेंब शोधायचा. कुठे पानावर ठिपका, कुठे गवताच्या पात्यावर गुडघ्याएवढ्या उंचीला पुसलेलं रक्त. दोनशे पावलांना आम्हाला तास लागला. मग तारेच्या एका मोडक्या कुंपणाशी माग संपला.

डेल कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "उजवीकडे उतार आहे, खाली ओढा आहे," तो म्हणाला. "जखमी जनावर पाण्याकडे जातं. खाली जाऊया."

मी डावीकडे बघत होतो. माझं आयुष्य कापड तपासण्यात गेलंय. लूमवरून उतरलेला तागा टेबलावरून ओढला जातो आणि मी त्याच्याकडे तिरका बघतो. तिरक्या उजेडात कापड चमकतं, तेलाचा डाग मेलेला दिसतो. त्या दिवशी जमिनीवर हजारो लाल पानं होती, ओलसर, चमकणारी. माझ्या पायापासून दोन हातांवर एका पानाचा कोपरा चमकत नव्हता. मी वाकलो, बोट लावलं. रक्त होतं. पुढे चढावर, काट्याच्या फांदीवर, दुसरा पुसट डाग होता. हरीण वर गेलं होतं, मक्याच्या शेताकडे.

मी तोंड उघडलं. त्याच वेळी इम्तू डेलला म्हणाला, "तू म्हणशील तसं. तुला या रानाचं सगळं ठाऊक हाय." घाईत त्याच्या तोंडून ते आपल्याच भाषेत निघालं. डेललाही ते बहुधा कळलं, कारण त्याने मान हलवली.

मी तोंड मिटलं आणि त्या पानावर बूट ठेवला.

मला कुणाचं वाईट करायचं नव्हतं, असं मी नंतर स्वतःला सांगितलं. अर्धा तास डेलला चुकू द्यायचं, मग मी माग दाखवायचा, एवढंच मनात होतं. इम्तूने एकदा माझ्याकडे वळून बघावं, एवढंच.

आम्ही ओढ्यावर उतरलो. डेल पाण्यात शिरला, दोन्ही काठ बघत खालपर्यंत गेला. शेवाळावरून घसरून तो कमरेपर्यंत भिजला. मला बरं वाटलं. मग तो परत उठला आणि कुडकुडत पुन्हा शोधायला लागला, आणि मला बरं वाटेनासं झालं. अर्धा तास झाला, तास झाला. आता बोलू, आता बोलू असं करत होतो. पण जितका उशीर झाला तितकं बोलणं अवघड झालं. इतका वेळ गप्प का होतास, असं इम्तू विचारणारच होता.

इम्तू एका दगडावर बसला. "त्याला दुखत आसेल, भाई," तो म्हणाला. "कुठेतरी पडला आसेल आणि दुखत आसेल. माझ्यामुळे."

आभाळ भरून आलं होतं. पाऊस पडला असता तर माग कायमचा पुसला गेला असता. मी म्हणालो, "कुंपणाजवळ परत एकदा बघू. डावीकडे."

वर आलो. मी चार पावलं चाललो, काट्याच्या फांदीशी थांबलो आणि आत्ताच दिसल्यासारखं केलं. इम्तू धावत आला, डाग बघितला आणि मला मिठी मारली. "भाई, तुमची नजर म्हणजे..." डेलने माझा हात हातात घेऊन जोराने हलवला. म्हणाला, एवढे डोळे त्याने कुणाचे पाहिले नाहीत. दोन आठवडे मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि मी बुटाचा तळ गवतावर घासत होतो.

पुढे माग सोपा होता. हरीण एका ठिकाणी बसलं होतं. पानं दबलेली, मधे रक्ताचं थारोळं. तिथून ते पुन्हा उठलं होतं. मक्याच्या कडेला डेलने हात वर करून आम्हाला थांबवलं. दोन कायोटी (कोल्ह्यासारखं, पण त्याहून मोठं जनावर) शेतातून निसटले. हरीण तिथेच पडलं होतं. मागचा भाग फाडलेला होता. आजूबाजूचा मका लोळवल्यासारखा झाला होता, म्हणजे त्याने झटापट केली होती. जिवंत असताना ते त्याच्यावर आले होते.

डेलने गुडघ्यावर बसून त्याच्या मानेखाली हात घातला, पाय वाकवून बघितला. "गरम आहे," तो हळू म्हणाला. "अर्धा तास. फार तर तासभर."

इम्तू हरणापाशी बसला. "माझ्या बाणाने न्हाय मेला," तो म्हणाला. "हा खायला चालणार न्हाय." मग दोन्ही हातांत तोंड धरून रडला. अब्बांच्या जनाज्याच्या दिवशी रडला होता तसा, आवाज न करता. डेल लांब जाऊन उभा राहिला. इम्तूच्या शेजारी बसण्याची जागा त्याने मला सोडली होती. मला तिथे बसवलं नाही.

परतताना डेल फिती सोडत येत होता. कुंपणाशी तो वाकला आणि वाकलेलाच राहिला. मी मागे वळून बघितलं. त्याच्या हातात एक लाल पान होतं. त्यावर बुटाच्या तळाची नक्षी उमटली होती आणि नक्षीच्या आत वाळलेलं रक्त होतं. ते बूट त्याचेच होते. त्याने माझ्या पायांकडे बघितलं, मग माझ्याकडे. इम्तू बराच पुढे गेला होता.

"त्याला तू सांग," तो शांतपणे म्हणाला. "मी सांगणार नाही." मग पान खाली टाकलं आणि फिती खिशात कोंबत चालायला लागला. मला तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो माझ्यापेक्षा चांगला माणूस आहे, हे त्या क्षणी मला कळलं, आणि त्याचासुद्धा मला हेवा वाटला.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला सांगितलं. सबा मुलीला घेऊन वर गेली होती. मी पान, बूट, ओढा, सगळं सांगितलं. इम्तूने अंड्याची बशी बाजूला सारली.

"तुमी डेलवर जळता हे मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं," तो म्हणाला. "मला वाटलं, जाईल. पण राग त्याच्यावर होता ना? मग हरणावर कशाला काढला?"

त्याने खिडकीतून डेलच्या रानाकडे बोट दाखवलं.

"तो मचाण डेलचा सगळ्यात चांगला मचाण हाय. दर वर्षी तिथे तो स्वतः बसतो. या वर्षी मला म्हणाला, तू बस, तुझा भाऊ आलाय, त्याला घरचं मटण खायला घाल. दावत तुमच्यासाठी होती, भाई."

उरलेला आठवडा तो माझ्याशी नीट वागला. धबधबा दाखवला, सफरचंदाच्या बागेत नेलं, अम्मीसाठी शाल घेतली. पण पाहुण्याशी वागतात तसं. मी डेलकडे जाऊन माफी मागितली. त्याने कॉफी दिली. या वेळी मी ती प्यायलो. विमानतळावर इम्तू एकटाच आला. निघताना त्याने मला मिठी मारल्यासारखं केलं आणि घाईने वळला.

भिवंडीला पोचलो तेव्हा कारखान्यात पहिली शिफ्ट चालू होती. अम्मीने विचारलं, "कसा हाय माझा इम्तू?" मी म्हटलं, "सुखात हाय. तिथे त्याला बापासारखा एक माणूस मिळालाय." हे वाक्य मी विमानात बरंच घोळवलं होतं.

मला वाटायचं, हेवा ही आतल्या आत जळायची गोष्ट आहे, आपलं आपण सोसायचं, दुसऱ्याला त्याची झळ लागत नाही. तसं नसतं. कुणीतरी मक्याच्या शेतात जखमी पडलेलं असतं आणि आपण त्याचा माग पायाखाली दाबून उभे असतो.

दोन रविवार इम्तूचा फोन अम्मीलाच आला. तिसऱ्या रविवारी त्याने तिला फोन मला द्यायला सांगितलं. तो पुन्हा रानात गेला होता, डेलबरोबर. या वेळी बाण नीट लागला, हरीण वीस पावलांवर पडलं. दोन्ही घरांनी मिळून मटण खाल्लं.

"मुबारक," मी म्हणालो.

"खरंच आनंद झाला का, भाई?"

"पुरा न्हाय. थोडं जळतंय अजून. पण तुझ्याशी आता खोटं बोलायचं न्हाय."

"सांगत जा," तो म्हणाला. "तुमी असंच सांगत जा."