थिएटरच्या दारातला झेंडू

कोरोनाची दुसरी लाट ओसरल्यावर दौंड तालुक्यातल्या आमच्या छोट्या दवाखान्यात ऑपरेशनं पुन्हा सुरू करायचं ठरलं. ठरवायला काय जातं! दीड वर्ष थिएटर म्हणजे ऑक्सिजन सिलिंडरचं गोदाम झालं होतं. भिंतींना ओल, कोपऱ्यात जाळी, टेबलावर धूळ. मी थिएटरची सिस्टर; थिएटर बंद असताना वॉर्डात असायचे. भांडगावहून स्कूटीवर यायचे आणि बाह्या सरसावून घासायला लागायचे. धुऊन, औषधाची फवारणी करून, टेबल, दिवा, भिंती यांवरून फिरवलेले कापसाचे बोळे तपासणीला पुण्याला पाठवले. जंतू नाहीत असं कळेपर्यंत दाराला चिकटपट्टी लावली आणि सगळ्यांना बजावलं, आत कोणी जायचं नाही.

पहिली पाळी कासुर्डीच्या आक्कांची होती. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं त्याच आठवड्यात सगळं बंद झालं. तेव्हापासून त्या वाट पाहत होत्या, आणि तेवढ्या काळात दोन्ही डोळ्यांवर पडदा आला. त्यांचे मालक, आम्हा सगळ्यांचे आप्पा, दुसऱ्या लाटेत आमच्याच वॉर्डात वारले. घरचा झेंडूचा मळा. दर खंडेनवमीला आप्पा थिएटरसाठी पाटीभर झेंडू आणायचे.

आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. उंबऱ्याबाहेर पाट मांडायचा, त्यावर हत्यारांचा एक ट्रे, हळद-कुंकू, हार. पेढे वाटायचे, आणि तो ट्रे नंतर वेगळा निर्जंतुक करायचा. कितीही भाविक असलं तरी फुलं उंबरा ओलांडत नाहीत.

त्या वर्षी आप्पांच्या जागी त्यांचा लेक पाटी घेऊन आला. माझी सुट्टी होती. आमच्या साफसफाईच्या मावशींना आणि वॉर्डातल्या माणसांना इतका हुरूप आला, की त्यांनी चिकटपट्टी काढून थेट ऑपरेशन टेबलालाच हार घातला. मोठ्या दिव्याला कुंकू, खाली उदबत्ती. दुसऱ्या दिवशी मी दार उघडं पाहिलं आणि माझा पाराच चढला. टेबलभर पाकळ्या. त्याच सकाळी पुण्याहून फोन आला, थिएटर स्वच्छ आहे म्हणून. आता त्याचा काय उपयोग?

मी बोलू नये ते बोलले. मावशी रडायला लागल्या. “बाई, एवढं दिस हितनं नुसती मढी जाताना बघितली. म्हणलं, चांगल्या कामाला देवाचं नाव घेऊन लागावं.”

पण माझा राग उतरला म्हणून टेबल निर्जंतुक होणार नव्हतं.

त्याच दिवशी आक्का आल्या, तर एक डोळा लालभडक आणि डोकं ठणकतंय. दर आठवड्याला शिरूरहून येणाऱ्या डॉक्टरांनी तपासलं. मोतीबिंदू अति पिकला होता, डोळ्यात दाब वाढला होता. थेंब आणि गोळ्यांवर थोडे दिवस निभेल, पुढे त्या डोळ्याची नजर कायमची जाईल, असं ते म्हणाले. माझ्याकडे पाहून त्यांनी हळूच विचारलं, “आजच उरकायचं का?”

“नाही,” मी म्हणाले. “जंतू आत गेला तर डोळाच काढावा लागेल.”

डॉक्टरांनी मान डोलावली.

लेक तडकला. “फुलांनी काय हुतंय बाई? चल आये, पुण्याला नेतो तुला.”

“न्हाई,” आक्का म्हणाल्या. “हितंच करायचं. फुलं आपलीच हायती, आपुन थांबू.”

पुण्याला जा म्हणून मीही पुष्कळ विनवलं. त्या ऐकेनात, का ते सांगेनात. मग आम्ही पुन्हा सगळं धुतलं, फवारलं, बोळे पाठवले. मावशी माझ्यापेक्षा जोरात घासत होत्या. आक्कांच्या डोळ्यात थेंब टाकताना माझा जीव थाऱ्यावर नसायचा. मी नाही म्हणाले आणि त्यापायी यांची नजर गेली तर? हा विचार एक क्षणही सोडत नव्हता.

पुण्याहून निरोप आला, थिएटर स्वच्छ. शिरूरचे डॉक्टर ठरलेला वार सोडून धावत आले. ऑपरेशन पार पडलं.

दुसऱ्या सकाळी माडीवरच्या वॉर्डात मीच पट्टी सोडली. आक्कांनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतींकडे, मग ओळीनं सगळ्या खाटांकडे.

“त्यांची कंची?” त्यांनी विचारलं.

आक्कांना मी मुद्दाम आप्पांच्या खाटेपासून दूर, दुसऱ्या टोकाला ठेवलं होतं. खिडकीजवळची खाट दाखवली. त्या भिंत धरत गेल्या, काठावर बसल्या, चादरीवरून हात फिरवला. मग बाहेर पाहिलं. खाली गेट, गेटाशी कडुनिंब.

“आमी रोज त्या झाडाखाली हुभं ऱ्हायचो. लेक म्हनायचा, आये, वर बघ, आप्पा हात करत्यात. मला कुठलं दिसतंय? म्हणलं, पोरगं माझी समजूत घालतंय.” त्या माझ्याकडे वळल्या. “खरंच करायचं व्हय हात?”

“करायचे,” मी म्हणाले. “खाट खिडकीकडं वळवून घ्यायचे माझ्याकडून, तुमची यायची वेळ झाली की.”

वॉर्डात नातेवाइकांना अजून मनाई होती. लेक खाली गेटाशी उभा होता. आक्कांनी खिडकीतून हात वर केला आणि सावकाश हलवला.

त्यानं वर पाहिलं, आणि तो झाडाखाली मटकन खाली बसला.