आजऱ्याच्या लग्नाला आम्ही का गेलो नाही

काल संध्याकाळपर्यंत हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. मुलीला नाही, मैत्रिणीला नाही, देवापुढं हात जोडतानाही नाही — तिथंसुद्धा मी दुसरंच काहीतरी मागत राहिले. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझे कुणी लागत नाही. आणि मला मध्येच अडवणार नाही.

आधी मी कोण ते ऐका. कोल्हापुरातल्या एका मुलींच्या शाळेत मी पीटीच्या बाई होते. खो-खो, कबड्डी, लेझीम — सगळं माझ्याकडं. मी शिट्टी मारली की मैदानाबाहेरचे सायकलवालेसुद्धा ब्रेक दाबतात, असं मुली म्हणायच्या. आजही आमच्या दारावरनं जाताना मला बघून एखादी चाळिशीतली बाई पिशव्या हातात घेऊन सावधानमध्ये उभी राहते, तेव्हा मी ओळखते — ही माझी. बढाई मारते आहे असं वाटेल. मारतेच आहे. कारण ही बढाई लक्षात घेतली नाही, तर पुढचं काही कळायचं नाही.

चाळिशी ओलांडल्यावर माझा डावा पाय घासत पडायला लागला. चप्पल पायातनं निघून मागं राहायची आणि मला पत्ता नसायचा. मग गुडघे दगा द्यायला लागले. डॉक्टर म्हणाले, दुखणं नसांचं आहे, बरं होणारं नाही, हळूहळू वाढेल. काठी वापरा. काठी! मी काठी आणली आणि कपाटामागं ठेवून दिली. शाळेत खुर्चीतली कामं मागून घेतली. घरात भिंती धरून फिरत होते, स्वयंपाक ओट्याला टेकून करत होते, आणि ह्यांनी विचारलं की म्हणायची, जरा पाय अवघडलाय. बाहेर जाणं मात्र बंद केलं. पण लोक विचारणारच की, का आला नाहीत? मग मी काय सांगायचं — मला चालता येत नाही?

मी सांगायची, ह्यांना गर्दी आवडत नाही.

आता आमचे हे कसे आहेत ते सांगते, म्हणजे तुम्हाला हसू येईल. दिनकरराव. साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात नोकरी झाली. मूळचे आजऱ्याचे. ह्या माणसाला माणसांशिवाय अन्न गोड लागत नाही. कुणाच्याही लग्नात गेले की शर्टाच्या बाह्या सरसावून वाढायला उभे. अनोळखी माणसाच्या मयतीलासुद्धा खांदा द्यायला पुढं. आणि ह्या माणसाला गर्दी आवडत नाही, असं मी गावभर करून ठेवलं. मी येत नाही म्हटल्यावर हेही घरी थांबायचे — ‘तू न्हाईस तर मी एकटा कशाला जाऊ?’ लोक म्हणायला लागले, दिनकरराव निवृत्तीनंतर फार विचित्र झाले, बाईंना कोंडून ठेवतात. माझ्या कानावर आलं. मी खोडून काढलं नाही. चालतंय की, असं वाटलं. नवऱ्याला थोडी नावं ठेवली लोकांनी, तर काय बिघडतंय?

इथंच थांबले असते तर मी तुम्हाला हे सांगत बसले नसते.

ह्यांचे थोरले भाऊ आजऱ्यात राहायचे. मी त्यांना भावजी म्हणायची. त्यांचा काजू फोडायचा छोटा कारखाना होता. त्यांची एकुलती एक मुलगी मनीषा — मनी — कॉलेजला असताना आमच्याकडं राहिली. परीक्षेच्या दिवसांत हे उन्हात गेटबाहेर उसाचा रस घेऊन थांबायचे, पेपर सुटला की आधी रस, मग प्रश्न. आमची मुलगी स्वाती चिडायची, म्हणायची, माझ्यासाठी कधी थांबला नाहीत. त्या मनीचं लग्न ठरलं.

त्याच सुमारास टाळताच न आलेल्या एका बारशात मी पडले. पाळण्यापासून दोन पावलं मागं सरकायला गेले आणि खाली. ‘धरा, धरा, बाईंना धरा!’ चौघी धावल्या. लुगडं गुडघ्यापर्यंत वर, पाय कुठं आहेत ते मला समजेना. उचलणाऱ्यांत माझी एक जुनी विद्यार्थिनी होती. ती प्रेमानंच म्हणाली, ‘बाई, पडायचं कसं हे तुम्हीच शिकवलंत आम्हाला.’ बाकीच्या हसल्या. मीही हसले. रिक्षात बसल्यावर माझे दात वाजत होते.

आणि मग भावजींचा फोन आला. मोठा आवाज, नेहमीसारखा. ‘शैला, आठ दिवस आधी या सगळी. वरपक्षाच्या स्वागताला दिनकरनंच उभं ऱ्हायचं. माझ्यानं हुयाचं न्हाई, मी रडून मोकळा हुईन. आणि तू मनीजवळ बसायचंस.’

लग्नाचा हॉल टेकाडावर होता. मला पायऱ्या माहीत होत्या. आठ दिवस, सगळा आजरा, येणाऱ्या-जाणाऱ्या बायका, आणि मी भिंत धरून. मला नुसतं ‘बरं नाही’ म्हणता आलं असतं. पण मग ते सगळे मला बघायला आले असते, नाही का? आणि ह्यांना खरं सांगितलं असतं, तर हे म्हणाले असते — ‘मी धरतो की.’ चारचौघांत धरून नेलं असतं मला. तेच मला नको होतं.

मी म्हणाले, ‘भावजी, राग मानू नका, पण हे यायचे नाहीत. वाटणीत रस्त्याकडची जमीन तुमच्याकडं गेली, ते ह्यांच्या मनातनं अजून गेलेलं नाही.’

मग अगदी बारीक आवाजात — ‘असं म्हणाला त्यो?’

‘म्हणाले.’

ह्यांनी त्या जमिनीचं नाव आयुष्यात एकदाही काढलं नव्हतं. मला सुचलं ते मी बोलले. विचार करून बोलले की विचार न करता, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. विचार करूनच बोलले. कारण हे बाजारातनं आले तेव्हा दुसरं खोटं माझ्याकडं तयार होतं. मी म्हणाले, ‘भावजींचा फोन होता. पाव्हणे फार मोठे आहेत म्हणे, त्यांचीच सरबराई करायची आहे. घरच्यांनी आलंच पाहिजे असं काही नाही म्हणाले.’

हे पिशवी हातात घेऊन तसेच उभे. ‘असं म्हणाला दादा?’

दोघा भावांचा प्रश्न एकच. आवाजही एकच, खरं सांगते. मी दोघांनाही एकच उत्तर दिलं.

एकानं दुसऱ्याला फोन केला असता, तर माझं खोटं दहा मिनिटांत उघडं पडलं असतं. पण दोघं एका मातीचे. दुखावले की गप्प. ह्यांनी एकदा फोन हातात घेतला होता. मी म्हणाले, ‘स्वतःहून विचारून मिंधे होणार काय?’ त्यांनी फोन खाली ठेवला. तिकडून पत्रिका आली नाही — कशी येईल? — आणि ती न येणंच माझ्या बोलण्याचा पुरावा ठरलं. मनीनं फोन केला तो मी उचलला. काका बाहेर गेलेत, म्हणाले. काका शेजारच्या खोलीत पेपर वाचत होते.

लग्नाच्या दिवशी मुहूर्ताच्या वेळेला हे देवघरापुढं उभे राहिले. वाटीतले चार तांदूळ घेतले, डोळे मिटले आणि देवावर टाकले. अक्षता. मी दारातनं बघत होते. मी म्हणाले, ‘पानं घेऊ का?’

पुढं भावजी गेले. हे एकटे गेले मातीला. परत आले ते पाय धुऊन पायरीवरच बसले. मला म्हणाले, ‘वहिनी म्हणाली, आता जमीन न्यायला आलासा काय. सगळ्यांच्या समोर. कसली जमीन गं?’

तुम्हाला वाटेल, इथं तरी मी बोलले असेन. मी म्हणाले, शोकात माणूस काहीही बोलतं. आणि चहा टाकला.

आता गेल्या महिन्याचं. स्वाती पुण्याला असते. तिच्या मुलीच्या वाढदिवसाला सगळ्यांनी थीम पार्कला जायचं असं तिनं ठरवलं — एक्स्प्रेसवेकडचं, डोंगराएवढे पाळणे असलेलं. मी फोनवर माझं नेहमीचं सुरू केलं, ‘अगं, तुझ्या बाबांना गर्दी—’ फोन स्पीकरवर होता. हे आतनं ओरडले, ‘मला? मी कवा न्हाई म्हणालो? मी येतोय!’ सापडले की मी. जावं लागलं.

माझे पाय घरच्यांपासून आता लपत नव्हते; गेटवर स्वातीनं आधीच सांगून ठेवलेली एक गाडी उभी होती. तीन चाकं, पुढं टोपली, बॅटरीवर चालणारी. मोबिलिटी स्कूटर म्हणतात तिला. मी स्वातीला तिथंच झापलं. ‘मी काय लंगडी आहे?’ स्वातीचा चेहरा उतरला. ह्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, कुठलंतरी बटण दाबलं. पीं झालं.

‘शैला, हॉर्न हाय बघ. तुझ्या शिट्टीची सर न्हाई, पण हाय.’

मला हसू आलं. आणि हसता हसता मी बसले.

कसं सांगू तुम्हाला! उजव्या अंगठ्याखाली एक दांडी — दाबली की चालते, सोडली की जागच्या जागी थांबते. वेगाच्या बटणाच्या एका टोकाला कासव, दुसऱ्या टोकाला ससा. पहिल्यांदा मी एका कचऱ्याच्या डब्याला धडक दिली. दुसऱ्यांदा नाही. थोड्या वेळात वळण जमलं, मागं घेणं जमलं. खेळाची बाई आहे मी — अंगाला एखादी गोष्ट शिकवायची कशी, ते मला माहीत आहे. वारा तोंडावर येत होता. किती वर्षांनी मी कुणाच्या तरी पुढं होते! हे मागं राहिले, धापा टाकत. मी वळून ओरडले, ‘चला, पाय उचला!’ माझाच आवाज, मैदानावरचा. लोकांनी वळून बघितलं.

हो, बघितलं. आणि परत आपापल्या आइस्क्रीमकडं वळले. एकीनं तेवढं विचारलं, सासूबाईंसाठी घ्यायची आहे, कुठं मिळते? बस. ज्याला मी इतकी वर्षं घाबरले, ते एवढंच होतं.

दुपारी स्वाती नातीला घेऊन रांगेत उभी होती. आम्ही दोघं तळ्याकाठी सावलीत. हे बाकावर बसून पॉपकॉर्न खात होते, घामाघूम, खुशीत. म्हणाले, ‘असलं कायतरी पूर्वीच घेतलं असतं, तर किती लग्नं केली असती गं आपण.’ मग एकेक लग्न आठवायला लागले, न गेलेलं. आणि थांबले. ‘मनीचं सोड. तिथं बोलावणंच न्हवतं.’ मग तळ्याकडं बघत — ‘दादाला माझं काय खुपलं, शेवटपर्यंत कळलं न्हाई बघ.’

मी बटण सशावर नेलं आणि निघून गेले. एकटी. तळ्याला पूर्ण वळसा घातला. पश्चात्ताप झाला म्हणून गेले, असं समजू नका. मला त्यांचा राग आला होता — एवढ्या चांगल्या दिवशी हे कशाला काढलं? पलीकडच्या काठावर थांबले, तिथनं हे दिसत होते. बाकावर लहानसे. पॉपकॉर्नचा पुडा माझ्यासाठी अर्धा राखून ठेवलेला. मी परत आले आणि विचारलं, ‘पाणी पाहिजे का?’

तेव्हाही नाही सांगितलं.

काल आमची स्वतःची स्कूटर घरी आली. ह्यांचा आनंद विचारू नका. गल्लीतल्या पोरांना बोलावून दाखवली. संध्याकाळी म्हणाले, ‘आता कुठंबी जाऊया. बोल, कुठं?’ मी काही म्हणायच्या आत स्वतःच म्हणाले, ‘आजऱ्याला जाऊया. वहिनीला भेटूया. बोलली तर बोलू दे, मी ऐकून घेतो.’

ऐकून घेतो. ज्याचा गुन्हा नाही, तो ऐकून घेणार होता. शिवाय आजऱ्याला गेलो असतो, तर जमिनीचं निघालंच असतं. म्हणजे बघा, सद्सद्विवेकबुद्धी जागी झाली, असंही मला म्हणता येत नाही. वाट बंद झाली, म्हणून मी बोलले. सगळं बोलले. सूचना द्याव्यात तसं, न थांबता, न रडता.

ह्यांनी ऐकलं. एकच विचारलं, ‘जमिनीचं नाव तू घेतलंस? दादाजवळ?’

‘व्हय.’



आज सकाळच्या एसटीनं हे आजऱ्याला गेले. मला चल म्हणाले नाहीत. मीही ‘येऊ का’ असं विचारलं नाही.

एव्हाना पोचले असतील. जाऊबाई दारात येतील, मनीलाही फोन जाईल. आजवर त्या घरात जे काही वाईट बोललं गेलं, ते ह्यांचं नाव घेऊन. आज माझं नाव घेऊन बोलतील. आणि खरं बोलतील.