लळिंगच्या कड्याखाली उभे राहणारे आबा

आबा आज सकाळी माझ्याच वॉर्डात गेले. ड्युटीवर मीच होते.

नर्स आहे, मरण रोज बघते. पण आबांच्या अंगावर चादर ओढताना रडू आवरलं नाही. पेशंटसमोर रडायचं नसतं म्हणतात. म्हणू देत.

आबा पीटीचे सर. रिटायर झाल्यावर दर रविवारी लळिंगच्या किल्ल्यावर लोकांना रॅपलिंग, म्हणजे दोरावरून कडा उतरायला, शिकवायचे. भलते कडक. उशिरा आलेल्याला सरळ सावलीत बसवून ठेवायचे, दोराला हात लावू द्यायचे नाहीत.

मी तिथे हौस म्हणून गेले नव्हते.

कोविडनंतर माझी झोप उडाली होती. हात थरथरायचे. सलाईन लावताना एका आजीला किती वेळा टोचलं, तरी शीर सापडेना. ती बिचारीच मला म्हणाली, राहू दे बेटा.

त्या दिवशी नोकरी सोडायचं ठरवलं.

आई धरणगावहून फोनवर दृष्ट काढून घे म्हणायची. डॉक्टर म्हणाले, स्ट्रेस आहे, जरा बाहेर पडा. शेवटी मैत्रिणीने ओढत लळिंगला नेलं.

कड्याच्या टोकाला जाऊन उभी राहिले. खाली आबा दोर धरून उभे. मी ओरडले, "सर, धरलाय ना दोर?"

उत्तर नाही. पुन्हा ओरडले. तरी नाही.

मैत्रीण हसायला लागली. म्हणाली, इथे अहिराणीत विचारावं लागतं. लांबलचक बोललेलं वाऱ्यात कळत नाही, आपलं 'आहे'चं 'शे' तेवढं बरोबर पोचतं.

घरची भाषा माझी. नर्सिंगला आल्यापासून लाजेने सोडलेली.

"आबा, शे का?"

"शे. ये माय."

उतरेपर्यंत डोक्यात दुसरं काही मावलंच नाही. वॉर्ड नाही, मॉनिटरची टिकटिक नाही. पाय कुठे ठेवू, एवढंच. घरी येऊन जी झोपले, ती सकाळी आईच्या फोनने उठले.

मग दर रविवारी जायला लागले. आबांनी माझी कधी चौकशी केली नाही. एकदा मात्र खाली उतरल्यावर माझे हात हातात घेऊन नीट बघितले.

"थांबले बघ," म्हणाले.

म्हणजे पहिल्या दिवसापासून त्यांच्या लक्षात होतं. काय माणूस.

नोकरी सोडली नाही मी.

परवा त्यांना ॲडमिट केलं, तेव्हा सलाईन मीच लावली. एकाच टोचण्यात. धाप लागली होती तरी मास्क बाजूला करून विचारलंच, "रविवारले दोर कोण धरी?"

मी म्हटलं, आधी बरे व्हा, मग बघू. रागावले. मान फिरवली. मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं, उगाच कशाला खोटं बोलायचं.

"मी धरसू, आबा."

मग मास्क स्वतःच नाकावर ओढून घेतला.

येत्या रविवारी नवीन लोक येतायत. त्यात आमच्याच वॉर्डातली एक सिस्टर आहे, तिला झोप लागत नाही. वरून ती विचारेल, तेव्हा उत्तर द्यायला मी खाली असेन.

बरं आबा, या आता.