टायमर नसलेली पिन

सर्किट बोर्ड बनवणाऱ्याने मला फसवलं आणि मी मेंढपाळाला फसवलं. दोन्ही एकाच पिनेवरून.

तेलगावात जळलेल्या मोटारींची वायंडिंग भरता भरता मी शेताच्या कुंपणाची झटका मशीन बनवायला लागलो. कुणी शिकवलं नाही. बॅटरीचा करंट कॉइलमध्ये मिलिसेकंदभर सोडायचा आणि तोडायचा. तेवढ्याने जनावर दचकून मागे सरतं. करंट जास्त वेळ राहिला तर झटका वाढतो. म्हणून ही वेळ चिपमधल्या टायमरवर सोपवायची. तो म्हणजे एक वेगळं घड्याळच. बाकी प्रोग्रॅम कशातही गुंतलेला असो, टायमर करंट सोडणारी पिन, म्हणजे चिपचा तो पाय, वेळेवर बंद करतो. मात्र त्याचा हात ठरावीक पिनांपर्यंतच पोचतो.

बोर्डवाल्याला मी भावात इतकं पिळलं, की तो म्हणाला, "मालक, या भावात एकाच बाजूला तांबं असलेला बोर्ड बसतो, त्यात लाइनी एकमेकींना ओलांडत नाहीत. कॉइलची लाइन शेजारच्या पिनेवर घेऊ का?"

"घे बे कुठंबी. भाव तोच."

त्या पिनेला टायमर नव्हता. बोर्डांचं पोतं दुकानात आल्यावर मला ते कळलं. फेकायला जीव होईना. मग वेळ प्रोग्रॅममध्येच मोजली. टेबलावर बरं चाललं. पुढे गिऱ्हाइकाला आवडतो म्हणून बॅटरी दाखवणारा डिस्प्ले जोडला. चिप आकडे लिहायला वळली की पल्स, म्हणजे करंटचा तो मिलिसेकंद, लांबायचा. हे मी ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तरी मशीन विकत राहिलो.

मेंढपाळाने एका शेतात मेंढ्या बसवल्या होत्या, भोवती माझ्या मशीनची तार. एक गाभण मेंढी तारेत अडकून मेली. तो दुकानात आला ते हात जोडूनच. "मशीन लई चांगलं हाय, दादा. चूक माजीच. तार वल्ल्या गवतात सोडली."

"जपत जा," मी म्हणालो. वर चहा पाजला.

पुढच्या आठवड्यात टायमरच्या पिनेचा नवा बोर्ड घातलेलं मशीन घेऊन त्याच्या तळावर गेलो आणि खरं ते सांगितलं. तो उठून मेंढ्यांकडे गेला. त्याची बायको जाळी सांधत होती. मान न उचलता म्हणाली, "आठ दिस झाले, ह्यो सोताला शिव्या देतोय. तुमाला ठावं व्हतं. मंग चहा पाजताना कावून न्हाई सांगितलं?"

मी नवं मशीन तिच्याजवळ ठेवलं आणि निघालो.

तिथून येताच बोर्डवाल्याला फोन लावला, तोंडाला येईल ते बोललो. तो शांतपणे म्हणाला, "त्या पिनेला टायमर नाही हे मला माहीत होतं. तुम्ही विचारलंच कुठं?"

नाही विचारलं, कबूल. पण तुला माहीत होतं ना? मग तेलगावला ये. त्या बाईसमोर माझ्या शेजारी बस आणि सांग, माहीत असून माणूस गप्प का राहतो. मला सांगता आलेलं नाही.