अण्णांची मोटार आणि स्वस्तातला फोम

अमरावतीच्या डॉक्टरांनी सांगितले की काकूंचा डावा कान गेला आहे आणि उजवाही हळूहळू जाईल. त्या दिवशी अण्णांनी मोटार विकायचा विचार सोडला.

या दोन गोष्टींचा संबंध समजायला अकोल्यातले त्यांचे घर माहीत हवे. अण्णा बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होते. मी त्यांच्या मागच्या खोलीतला भाडेकरू मास्तर. ओसरीवर अण्णांची आई पहाटेपासून ठाण मांडून बसे. आईदेखत बायकोशी बोलायचे नाही, ही रीत अण्णांनी तीस वर्षे पाळली होती. काकूंना काही सांगायचे असले की त्या खांबाकडे तोंड करून म्हणत, "मीठ सरलं म्हणा." खांब गप्प राही, अण्णा मीठ आणत.

नवराबायकोचे बोलणे होई ते रविवारी मोटारीत, मूर्तिजापूरच्या रस्त्यावर. दोघेच गेले तर लोक काय म्हणतील, म्हणून मागच्या सीटवर मला बसवत. "मास्तर, तुमी आपलं पुस्तक वाचा. कान घरी ठेवून या."

मोटार मात्र बोलू देत नव्हती. अण्णांनी ती सरकारी लिलावात घेतली होती. तिचे दरवाजे एका सुरात खडखडत, तळाचा पत्रा दुसऱ्या. अण्णा काकूंना काही खासगी सांगायला ओरडत आणि ते शेतात निंदणाऱ्या बायकांना ऐकू जाई. एकदा एकीने शेताच्या बांधावरून उत्तरही दिले. अण्णांना तो सल्ला पटला, हे त्यांनी पुढे दोन मैल कबूल केले नाही.

आता काकूंचा एकच कान उरला होता आणि त्यालाही मुदत होती. अण्णांना मोटार गप्प करायची होती, पण पैसे न घालवता. "आवाज म्हंजे काय, मास्तर? हवा. अन हवा अडवाले पैसे कायचे?"

पहिल्यांदा त्यांनी मोंढ्याच्या बाजारातून रिकामी पोती आणून तळाला ठोकली. ती मिरचीची होती. त्या रविवारी आम्ही तिघे गावाबाहेर पडेपर्यंतच इतके शिंकलो की बोलणे राहिलेच. काकू डोळे पुसत म्हणाल्या, "अवो, कोणी मेलं-गेलं असं वाटून राह्यलं. लोक पाहून राह्यले." अण्णा म्हणाले, "पण खडखड ऐकू आली का?" ती आली नव्हती, हे खरे.

मग कोणीतरी रबराच्या फोमची बातमी आणली. गाद्यांच्या एका दुकानदाराकडे तो नवाच आला होता. अण्णांनी मोटार दुकानासमोर उभी केली, काकूंना आत बसू दिले आणि तीन नमुने मागवले. एक भारी, एक मधला, आणि एक कातरणांचा, जो दुकानदार पार्सलात भरायला वापरी. अण्णांनी घरून गजराचे घड्याळ आणले होते. ते फोममध्ये गुंडाळून काकूंच्या उजव्या कानाशी धरायचे, अशी परीक्षा. काकूंनी मनाने सांगू नये म्हणून डोळे मिटायला लावले.

"येते का आवाज?"

"नाही," काकू म्हणाल्या. भारीला नाही, मधल्याला नाही, कातरणांनाही नाही.

अण्णांचा चेहरा फुलला. "पाह्यलं, शेटजी? तुमच्या महागाच्या मालात काय हाये मंग?" विजयाची चव घ्यावी म्हणून त्यांनी कातरणांतले घड्याळ स्वतःच्या कानाशी नेले. ते टकटक करत होते. मला मागच्या सीटवर ऐकू येत होते.

अण्णांनी फोम काढून टाकला. नुसते घड्याळ काकूंच्या कानाशी धरले आणि मोठ्याने विचारले, "अन आता?"

"आता बी नाही," काकू मिटल्या डोळ्यांनी म्हणाल्या. "हाच घ्या. हा सगळ्यात चांगला हाये."

दुकानदाराने विचारले, "साहेब, कोणता देऊ?"

"सस्ता द्या," अण्णा म्हणाले. "आमाले सगळे सारखेच."

परतताना काकूंनी स्वस्तात काम झाल्याचे समाधान दोनदा बोलून दाखवले. अण्णांनी मान हलवली.

अण्णांच्या मिशा ओठांवर उतरलेल्या, पिळदार होत्या. चहा त्यांतून गाळला जाई. दुसऱ्या दिवशी सकाळी ते न्हाव्याकडून त्या सफाचट करून आले. आमच्याकडे घरातले वडीलधारे माणूस गेले की मिशा उतरवतात. आईने ओसरीवर कपाळ बडवून घेतले. "अरे, मी मेली काय रे? जित्ती हावो ना अजून!"

"जित्ती राह्य, माय, शंभर वर्स राह्य," अण्णा म्हणाले. "तिले ऐकू येत नाही. ओठ तरी दिसू दे."

आणि आईसमोरच पाट मांडून, काकूंकडे तोंड करून ते बसले. पहिले वाक्य काय बोलावे, ते त्यांना सुचेना. शेवटी म्हणाले, "मीठ हाये का?"

काकूंनी आधी सासूकडे पाहिले, मग नवऱ्याच्या उघड्या ओठांकडे. "हाये," त्या म्हणाल्या, आणि तोंडाला पदर लावून हसत सुटल्या.

आई आठवडाभर दोघांशी बोलल्या नाहीत. मग एके दिवशी ओसरीवरून लेकावर खेकसल्या, "अरे, हळू बोल. घाईनं बोलतं त तिले समजत नाही."

तो फोम अण्णांनी कधी बसवलाच नाही. आई दोन वर्षांनी गेल्या. गेल्या महिन्यात अण्णा गेले. मोटार त्याआधीच भंगारात गेली होती. काकू आहेत. त्यांच्याशी समोर बसून, सावकाश बोलावे लागते.